दगडफूलआजीची चिमूटभर माती

फार पूर्वी एक दरड कोसळली आणि डोंगराचा कातळ उघडा पडला. तिथे सगळ्यांत आधी दगडफूलआजी राहायला आली. कातळ झिजवत झिजवत तिने चिमूटभर माती केली.

त्या मातीत शेवाळ आलं, मग गवत आलं. गवत वाढलं तशी आजीवर सावली पडली.

"अरे, जरा सरक. मला ऊन लागत नाही," आजी म्हणाली.

"इतकी वर्षं ऊन खाल्लंस, अजून पोट भरलं नाही?" गवत हसलं.

आजी रुसली. "माझ्याच मातीत मला जागा नाही! आता मी माती करणारच नाही."

तेवढ्यात पाखराने टाकलेलं उंबराचं बी तिच्याशेजारी रुजलं. "आजी, माझं मूळ उघडं पडलंय गं," ते कुरकुरलं.

आजीचा राग टिकला नाही. ती पुन्हा कातळ झिजवू लागली.

उंबर मोठा झाला, तशी गवतावर सावली पडली. एके दिवशी वाऱ्याने आजीला अलगद उचलून त्याच्या फांदीवर ठेवलं. तिथे ऊनच ऊन होतं.

खालून गवताने विचारलं, "आजी, वर ऊन आहे का गं?"

"आहे की! थांब, उंबराला जरा सरकायला सांगते."