हिरवळीवरची पंगत

सरदार भुजंगरावांनी वाड्यापुढच्या हिरवळीला सुकटीचे खत घातले आणि दुसऱ्याच दिवसापासून गावची कुत्री ती उकरू लागली. शेजारचे कुरण सोडून ती इथेच का येतात, हे कोडे सरदारांना सुटेना. चक्रावून त्यांनी सरसकट गोळ्या घालण्याचा हुकूम सोडला. त्यातून वाड्यातल्या त्यांच्या आत्याबाईंचा म्हातारा कुत्रा मोत्याही सुटणार नव्हता.

आत्याबाईंनी हिरवळीखालची माती पत्रावळीवर वाढून सरदारांपुढे ठेवली.

"शी! कसला हा सुकटीचा वास!" सरदारांनी नाक दाबले.

"भुजंगा, पंगत तूच मांडलीस, मग जेवायला आलेल्यांना गोळ्या कसल्या?"

सरदार गोंधळले. "मग मी करू तरी काय?"

"पानं उचल. पाहुणे आपसूक उठतील."

सरदारांनी बंदुका ठेवून फावडी मागवली.