नळीतलं तेल

"मग दोष कुणाचा, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा वस्ताद. मी पुन्हा विचारणार नाही."

जिनपालचा आवाज चढला होता. घाटावर जमलेली माणसं त्याच्याकडं वळून बघू लागली.

येसबा वस्ताद नदीकडं बघत राहिले.

कृष्णेचं पाणी देवळाच्या ओट्याला लागलं होतं. पलीकडच्या मळ्यातल्या वस्तीला चहूकडून वेढा पडला होता. कौलांवर चढून बसलेल्या माणसांत एक ओली बाळंतीण होती. सरकारी बोट वरच्या गावांत गुंतलेली. इकडं गावाची म्हणून एकच मोटरबोट, आणि तिचं इंजिन सकाळी ऐन धारेत बंद पडलं होतं.

सुकाणूवर तेव्हा भैरू अंबी होता. धारेनं बोट फरफटत नेली आणि पुलाच्या खांबावर आपटली. बुडालेल्या बाभळीची फांदी धरून भैरूनं ती कशीबशी काठाला लावली. आता तो ओल्या कपड्यांनिशी पायरीवर बसला होता. मान खाली.

दोघंही वस्तादांच्याच हाताखाली इंजिनाचं काम शिकलेले. पण जिनपालचं डोकं जलद, हात त्याहून जलद. आणि ते इतरांपेक्षा त्यालाच जास्त माहीत होतं.

"दोष शोधून काय करणार?" अखेर वस्तादांनी विचारलं.

"भैरूला सुकाणूवरनं उतरवा. बोट मी नेतो."

"आन् इंजिन पुन्हा बंद पडलं तर?"

"पडणार नाही. इंजिनात खोट नाहीच. खोट ह्याच्या हातात आहे. दाखवतो."

तो देवळात जाऊन आपली फळी घेऊन आला.

बोटीच्या त्या इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून पाजणारे दोन कार्बोरेटर, एक वर आणि एक खाली. दोघांची हवेची ओढ सारखी असली की इंजिन एका लयीत चालतं. एक पुढं, एक मागं झाला की त्याला धाप लागते. ही ओढ तोलायचं यंत्र बाजारात विकत मिळतं, पण जिनपालनं गेल्याच आठवड्यात ते घरी बनवलं होतं. एक लाकडी फळी. गवंडी पातळी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी, मधे वाकवून फळीवर खिळ्यांनी बसवलेली. नळीच्या पोटात लालसर तेल. डावं टोक खालच्या कार्बोरेटरला जोडायचं, उजवं वरच्याला. ज्याची ओढ जास्त, त्याच्याकडं तेल चढतं. दोन्हीकडं तेल एका रेघेत आलं, की झाले दोन्ही सारखे.

कार्बोरेटर खोलून साफ केले होते भैरूनं. पण फळी लावून, स्क्रू फिरवून, तेल रेघेवर आणलं होतं जिनपालनं.

इंजिन काढून स्टँडवर चढवलं होतं. पंखा पाण्याच्या पिंपात बुडवलेला. जिनपालनं नळ्या जोडल्या आणि दोरी ओढली.

इंजिन घरघरलं. तेल थरथरलं, वरखाली झालं... आणि दोन्हीकडं एका रेघेत येऊन थांबलं.

"सारखं हाय की," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं.

"बघा!" जिनपाल भैरूकडं वळला. "आता बोल."

"मी रेस हळूच वाढवली हुती..." भैरू म्हणाला. "वाढवली की गुदमरत हुतं ते."

"म्हणजे तेल खोटं बोलतंय?"

भैरूनं नदीपार बोट दाखवलं.

पलीकडं कौलांवर कुणीतरी लुगडं हलवत होतं. हाक मारत असावेत, पण नदीच्या घोंगावण्यात ती अलीकडं पोचत नव्हती.

वस्ताद फळीपुढं उकिडवे बसले. तेलाकडं बघत राहिले. बघतच राहिले...

"वस्ताद, पाणी चढतंय."

"दिसतंय मला."

"मग उतरवू ना ह्याला?"

वस्तादांनी दोन्ही हात पुढं केले, दोन्ही नळ्या चिमटीत धरल्या आणि एकदम उपटल्या. इंजिन खोकलं. वरची नळी त्यांनी खाली बसवली, खालची वर.

"अहो, ते उलटं झालं..."

जिनपालचं वाक्य अर्धंच राहिलं. तेलानं उसळी घेतली. उजव्या बाजूनं ते सरसर वर चढलं, रेघ ओलांडली, फळीचं टोक ओलांडलं आणि इंजिनाच्या तोंडाकडं धावलं.

"बंद करा! आत जाईल!"

जिनपालनं झेप घेऊन नळी मुठीत आवळली. इंजिनाचं बटण दाबलं ते भैरूनं. तो पायरीवरनं कधी उठला, कुणालाच कळलं नाही.

इंजिन थांबलं. मग नुसती नदी ऐकू येत राहिली.

"सारखं होतं," जिनपाल पुटपुटला. "आत्ता सारखं होतं..."

"व्हय. मीबी बघितलं."

एवढं बोलून वस्ताद उठले आणि पाण्याकडं तोंड करून उभे राहिले.

जिनपालनं मुठीतल्या नळीकडं बघितलं. इंजिन खरंच सारखं असतं, तर नळ्या कशाही लावल्या तरी तेल जागचं हललं नसतं. ते हललं. म्हणजे...

त्यानं डाव्या नळीवरनं बोट फिरवत आणलं. एका खिळ्यापाशी ते अडलं. खिळ्याच्या कडेनं नळीला केसाएवढी चीर गेली होती. तिथनं हवा आत शिरत होती. ह्या बाजूला जो कार्बोरेटर लागेल, तो दुबळाच दिसणार. पहिल्या दिवशीही तसाच दिसला होता. तेव्हा भैरूच्या हाताला नावं ठेवत त्यानं खालच्याचा स्क्रू पिळला होता, तेल रेघेवर येईपर्यंत. फुटकी नळी आणि बिघडवलेलं इंजिन, दोन्ही मिळून सारखं दिसत होतं.

भैरूनं दिलेलं इंजिन चांगलं होतं. धारेत बंद पडलं, ते जिनपालच्या स्वतःच्या पिळण्यानं.

चीर त्याच्या बोटाखाली होती. बोट उचललं नाही, तर ती कुणालाही दिसणार नव्हती.

"काय झालं रं?" गर्दीतनं कुणीतरी विचारलं.

वस्तादांनी मागं वळून बघितलं नाही.

जिनपाल एकदा भैरूच्या खरचटलेल्या हातांकडं बघत होता, एकदा पलीकडच्या कौलांकडं.

"नळी फुटलीय," तो शेवटी म्हणाला. "माझ्याच खिळ्यानं... स्क्रू मीच पिळला होता. इंजिन मी बिघडवलं. भैरूचा काही दोष नाही."

लोकांनी असं नुसतं बघत राहण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या, असं त्याला वाटलं.

भैरू जवळ आला. "दुरुस्त व्हायला किती वेळ लागंल?"

एवढंच त्यानं विचारलं.

जिनपालनं नळीचा फुटका तुकडा कापून टाकला, उरलेली ओढून नव्यानं बसवली. ह्या वेळी खिळे नाहीत, सुतळी. इंजिन चालू केलं. जिनपाल स्क्रूवर, भैरू नळ्यांवर. तेल हळूहळू रेघेवर आलं.

"बदल," जिनपाल म्हणाला.

भैरूनं नळ्या उलट लावल्या. तेल थरथरलं... आणि तिथंच राहिलं.

"पुन्हा बदल."

तरी तिथंच.

इंजिन बोटीवर चढवलं. भैरू सुकाणूवर जाऊन बसला. जिनपाल काठावरच उभा राहिला.

"बस की," भैरू म्हणाला. "मधेच बंद पडलं, तर कुणाला हाक मारू?"

धारेत शिरताना जिनपालनं इंजिनाच्या अंगावर हात ठेवला होता. पुलाचा खांब जवळ आला. भैरूनं रेस वाढवली. इंजिन एका लयीत चालत राहिलं... खांब बाजूनं निघून गेला.

अंधार पडायच्या आत त्यांनी वस्ती रिकामी केली. बाळंतिणीनं पोराला घमेल्यात निजवून आणलं होतं. घमेलं हातोहात काठावर देताना भैरूनं वरून धरलं, खालून जिनपालनं हात लावला.

माणसं शाळेत पोचली. वस्ताद ओट्याच्या वरच्या अंगाला पंच्यानं पाय पुसत बसले होते. जिनपाल त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला.

"वस्ताद... नळी फुटकी आहे, हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"न्हाई."

"मग इंजिनाच्या आवाजावरनं?"

"मला कुठं धड ऐकू येतंय आता?"

जिनपाल त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकला.

"मग नळ्या बदलून का बघितल्या?"

वस्तादांनी पंचा पिळला, झटकला, खांद्यावर टाकला.

"तू लई खात्रीनं बोलत हुतास."