धुक्यातला सोलो

समुद्राला लागून असलेल्या वेळशेत गावात इनास रुमाव नावाचा एक गिटारवादक राहत असे. त्याचा काका जहाजावर खलाशी होता. परदेशी बंदरांतून तो रॉक संगीताच्या कॅसेटी आणायचा. त्या ऐकून ऐकून इनास वाजवायला शिकला. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट इतरांपेक्षा इनासलाच जरा जास्त ठाऊक होती.

रॉकच्या गाण्यात एक जागा येते. गायक थांबतो आणि गिटार एकटीच पुढे जाते. त्याला सोलो म्हणतात. गावातल्या तरुणांचा या सोलोवरून रोज वाद चाले. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत टेपरेकॉर्डर असे. कॅसेट मागे फिरवायची, तोच तुकडा पुन्हा ऐकायचा आणि भांडायचं. सगळ्यांत थोर सोलो कुठला? आणि थोर तरी कशामुळे?

इनासचं मत ठाम होतं. जे दुसऱ्याच्या हाताला जमत नाही ते थोर. वेग हवा, सफाई हवी, ऐकणाऱ्याला स्वतःची बोटं थिटी वाटली पाहिजेत. त्याचा मित्र धाकू याला हे पटत नसे. धाकू होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा. वडिलांच्या होडीवर मासेमारी करायचा आणि उरल्या वेळात इनासच्या बँडमध्ये दुसरी गिटार धरायचा. तो म्हणायचा, ज्या सोलोनं डोळ्यांत पाणी येतं तो थोर. बोटांकडे बघतं कोण?

चर्चचा सण जवळ आला होता. सणाला बँड वाजणार होता. तेव्हाच एकदा हा वाद फार चिघळला. इनासनं सगळ्यांदेखत धाकूच्या वाजवण्याची नक्कल करून दाखवली. टपरी हसली. धाकू उठून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला यायचा बंद झाला.

सणाच्या दिवशी धक्क्यावरच मंडप घातला होता. मोठाले स्पीकर लावून झाले होते. संध्याकाळच्या जेवणाला ताजी मासळी हवी म्हणून काही होड्या पहाटेच बाहेर पडल्या होत्या. त्यांत धाकू आणि त्याचे वडील होते. म्हातारा पास्कू होता. पास्कू आपली छोटी होडी एकटाच वल्हवायचा.

सकाळी ऊन चांगलं पडलं. मग वारा एकदम पडला आणि समुद्राकडून धुकं आलं. एरवी धुकं पाण्यावरून सरपटत येतं. हे उभं आलं, भिंतीसारखं. धक्क्यावरच्या मांजरी उठून गावात निघून गेल्या. बगळे गप्प झाले. धक्क्याला पाणी लागतं त्याचा चुबुकचुबुक आवाज असतो, तोसुद्धा येईना.

खाडीच्या तोंडाशी खडकांची एक रांग आहे. गाव तिला म्हातारीचे दात म्हणतं. भरतीला ते खडक पाण्याखाली जातात. तिथे कोणी जाळं टाकत नाही, आणि का टाकत नाही हे कोणी विचारत नाही. त्या दिवशी दुपारच्या भरतीनं दात झाकत आणले होते, आणि होड्या अजून बाहेर होत्या.

लोकांनी चर्चची घंटा वाजवली. पण चर्च डोंगराआड. आवाज शेतांकडे गेला. बायकांनी पत्र्याचे डबे बडवले. तो आवाज धुक्यानं गिळला. तेव्हा धाकूची आई हिराबाय इनासकडे आली. तिनं स्पीकरकडे बोट दाखवलं. एवढा मोठा आवाज गावात दुसरा नव्हता. आवाजाच्या रोखानं होड्या येतील, असं तिचं म्हणणं.

इनासनं गिटार गळ्यात घातली. स्पीकरची तोंडं समुद्राकडे वळवली. काहीही वाजवलं असतं तरी चाललं असतं. पण सारा गाव समोर उभा होता. इनासनं आपला सगळ्यांत अवघड सोलो काढला.

पहिला तुकडा वाजवून तो क्षणभर थांबला. आणि धुक्यातून उत्तर आलं.

आधी त्याला तो प्रतिध्वनी वाटला. पण प्रतिध्वनी आपलंच आपल्याला परत देतो. इथे परत आलेला तुकडा त्याच्यापेक्षा सफाईदार होता, आणि शेवटी त्याला एक वळण होतं. ते वळण इनासनं वाजवलंच नव्हतं.

गावात दुसरी गिटार फक्त धाकूची, आणि ती त्याच्या घरी भिंतीला टांगलेली होती.

इनासच्या अंगावर काटा आला. तरी त्यानं दुसरा तुकडा वाजवला, आणखी अवघड. उत्तर आलं, आणखी सुंदर. आवाज खाडीच्या तोंडाकडून येत होता. तो मोठा नव्हता, पण प्रत्येकाला तो आपल्या कानाशीच वाटत होता. इनास पुढे सरसावला. आजवर त्याला बरोबरीचं कोणी भेटलं नव्हतं. त्याची बोटं कधी गेली नव्हती अशा जागी जाऊ लागली. ते धुक्यातलं जे कोणी होतं ते त्याला एकेक पायरी वर नेत होतं. त्यात वेग होता. आणि धक्क्यावर उभ्या माणसांच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. टपरीतल्या वादाच्या दोन्ही बाजू त्या एका वादनात होत्या.

होड्यांवरून हाका येत होत्या. पहिल्यांदा त्या समोरून आल्या. मग थोड्या डावीकडून. मग आणखी डावीकडून, जिकडे म्हातारीचे दात आहेत. इनासला त्या ऐकू आल्या नाहीत असं नाही. ऐकू आल्या. पण एवढा तुकडा संपू दे, असं त्याला वाटलं. आणि मग पुढचाही.

हिराबाय धक्क्याच्या टोकाला उभी होती. तिनं मुलाचा आवाज ओळखला. तो जवळ आला आणि बाजूनं निघून चालला, तेही तिला कळलं. ती मागे वळली. ओरडली नाही.

"इनास," ती म्हणाली, "माझा पोर तुझ्याकडे येत नाही. तो त्याच्याकडे चाललाय."

इनासचा हात तारेवर थबकला. धुक्यातला वादकही त्याच वेळी थांबला. एक तुकडा त्यानं अर्धवट सोडला होता. शेवटचा स्वर मोकळा ठेवला होता, इनाससाठी. तो स्वर कुठला ते इनासला कळलं होतं. बोट गिटारच्या दांडीवरल्या त्या पडद्यावर आपोआप जाऊन बसलंही होतं. तार छेडायचीच बाकी होती. ती छेडली असती तर जगात कोणी वाजवला नसेल असा सोलो पुरा झाला असता. हे त्याला जितकं स्पष्ट दिसलं तितकं आयुष्यात काहीच कधी दिसलं नव्हतं.

त्यानं बोट उचललं.

मग त्यानं सणाला चर्चमध्ये सगळे गातात ते साधं भजन वाजवलं, अगदी सावकाश. गावची ओळखीची चाल ऐकून होड्या वळतील, असं त्याला वाटलं. पण धुक्यानं ती चालसुद्धा उचलली आणि इतकी गोड करून परत पाठवली की धक्क्यावरची एक बाई पायऱ्या उतरून पाण्यात चालू लागली. दोघींनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

इनासनं हात थांबवला. जे जे वाजवावं ते ते त्या वादकाच्या हातात अधिक सुंदर होत होतं. मग होडीतल्या माणसानं कोणत्या आवाजाकडे यावं?

तेव्हा त्याला धाकूची चूक आठवली. बँडच्या एका गाण्यात एक जागा होती. तिथे तार वर ओढून स्वर चढवायचा असतो. धाकूची ओढ कधीच पुरी पडत नसे. स्वर अर्ध्यावर येऊन लटकायचा आणि कानाला खुपायचा. टपरीत इनासनं नक्कल केली होती ती याच जागेची.

त्यानं ती जागा वाजवली. जशी धाकू वाजवायचा तशी, अर्धवट, खुपणारी.

धुक्यातून तीच जागा परत आली. तार पुरी ओढलेली होती, स्वर नेमका होता.

इनासनं पुन्हा चूक वाजवली. पुन्हा तिकडून बिनचूक उत्तर आलं. तो वाजवत राहिला. लोक त्याच्याकडे बघत होते. त्याला लाज वाटत होती, कारण इतकं वाईट त्यानं चारचौघांत कधी वाजवलं नव्हतं. तरी त्यानं हात थांबवला नाही. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. त्या वादकाला सगळं येत होतं, पण चुकता येत नव्हतं.

हळूहळू हाका डावीकडून समोर आल्या. मग वल्ह्यांचा आवाज आला. धुक्यातून पहिली नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, बाहेर आली ती धाकूच्या होडीची. तिच्या मागोमाग बाकीच्या आल्या. धुक्यातलं वादन कधी थांबलं, ते कुणालाच सांगता येईना.

धाकू पायऱ्या चढून वर आला. अंगावरून घाम निथळत होता. त्यानं इनासच्या हाताकडे पाहिलं.

"दोन्हीकडून वाजत होतं," तो म्हणाला. "एकीकडे चूक ऐकू आली. म्हटलं, घर तिकडे."

इनासला त्याची माफी मागायची होती. त्याआधीच धाकूनं त्याच्या गळ्यातली गिटार उतरवून घेतली, तेव्हा कुठे इनासला आपली बोटं फाटल्याचं दिसलं.

पास्कू आला नाही. संध्याकाळी भरती उतरली, धुकं विरलं, तेव्हा माणसं शोधायला गेली. पास्कूची होडी म्हातारीच्या दातांमध्ये अलगद अडकली होती. तिला कुठे ओरखडाही नव्हता. पास्कू आत बसला होता, जिवंत. जाळं नीट घडी करून बाजूला ठेवलेलं. मान एका बाजूला कललेली, जसा माणूस दुरून येणारं काही ऐकतो तशी. त्याला हाक मारली तर ओ देईना. पुढेही त्यानं कधी कुणाला ओ दिली नाही. जेवू घातलं की जेवायचा, झोपवलं की झोपायचा, आणि जागेपणी ऐकत राहायचा.

सगळ्यांचं म्हणणं पडलं की इनासनं होड्या वाचवल्या. इनास मात्र जाणून होता की हिराबायनं सांगण्याआधी त्यानं बराच वेळ स्वतःसाठी वाजवलं होतं, आणि पास्कू त्याच वेळात त्या आवाजामागे गेला होता. त्यानं म्हाताऱ्याला आपल्या घरी आणलं. पास्कू असेतोवर त्याला आपल्या हातानं भरवलं.

इनास पुढेही वाजवत राहिला. लग्नात वाजवायचा, सणाला वाजवायचा, धाकूही त्याच्या शेजारी असायचा. सोलोची जागा आली की इनास लोकांच्या पायांकडे बघायचा. नाचणाऱ्याचा पाय चुकला तर स्वतःचा हात आवरायचा.

बऱ्याच वर्षांनी शहरातला एक नावाजलेला गिटारवादक त्याला भेटायला आला. धुक्याची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. भर दुपारी दोघं ओसरीत बसले. सगळ्यांत थोर सोलो तुम्ही खरंच ऐकलात का, असं पाहुण्यानं विचारलं. इनास म्हणाला, ऐकला. तो कसा होता, आठवतो का, असं पाहुण्यानं विचारलं. इनास म्हणाला, पहिल्यापासून शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत आठवतो. गिटार मागे भिंतीशीच होती. पाहुण्यानं ती उचलून त्याच्यापुढे धरली आणि एकदाच वाजवून दाखवायची विनवणी केली.

इनासनं गिटार घेतली नाही. त्यानं दाराबाहेर पाहिलं. समुद्र उन्हात लखलखत होता.

"नको," तो म्हणाला. "पाण्यावर माणसं आहेत."

तात्पर्य: कलेची थोरवी मोजायची असेल तर तिच्या मागोमाग गेलेला माणूस कुठे पोहोचला, ते आधी पाहावं.