कल्हईवाल्याची सुरी

एका आडगावात सुबराव नावाचा कल्हईवाला आला. गिऱ्हाईक जमावं म्हणून चौकात त्यानं एक खेळ मांडला. अरुंद तोंडाचा तांब्या घेतला, तांदळानं काठोकाठ भरला, तांदूळ दाबले. मग साधी सुरी तांदळात खुपसली, काढली, पुन्हा पुन्हा खुपसली. शेवटी त्यानं सुरी खोलवर रोवली आणि मूठ धरून हलकेच वर उचलली.

सुरीबरोबर अख्खा तांब्या वर आला!

ना दोरी, ना हूक. एका म्हातारीनं हात जोडले. बघता बघता माणसं पाया पडू लागली. आजवर सुबरावाला कुणी साधं 'बस' म्हटलं नव्हतं. त्याला ते गोड वाटलं. त्यानं कुणाला अडवलं नाही.

तेवढ्यात शेवंता नावाची बाई तान्हं लेकरू घेऊन धावत आली. "बाबा, वैद्याकडं निघाले होते. पण तुम्हीच भेटलात. आता कशाला जाऊ? एकदा हात फिरवा."

सुबरावानं लेकराच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेल्या तव्यासारखं होतं. त्यानं झटकन हात मागे घेतला.

"बाई, मी साधा कल्हईवाला. ही नुसती युक्ती आहे. तू वैद्य गाठ."

गर्दीतले गावचे पाटील हसून म्हणाले, "थोर माणसं असंच बोलतात."

कुणाला पटेना. शेवंतानं त्याचे पाय धरले, ते ती सोडीना. तेव्हा सुबरावानं तांब्या रिकामा केला, पुन्हा भरला आणि सुरी तिच्या हाती दिली. "तूच कर."

लेकरू त्या म्हातारीकडं देऊन तिनं सुरी खुपसली. दहादा, वीसदा. मग उचलली. तांब्या अधांतरी उभा राहिला. शेवंता डोळे विस्फारून आपल्याच हाताकडं बघत राहिली.

"तांदूळ दाटले, त्यांनी सुरी आवळली. तुझ्यात देव आला का? मग माझ्यात तरी कुठला?" सुबराव ओरडला, "पाटील, गाडी जुंपा!"

शेवंताला घेऊन गाडी वैद्याच्या गावी भरधाव गेली. वैद्य म्हणाले, "आणखी घटकाभर उशीर झाला असता, तर माझ्या हाती काही उरलं नसतं."

चौथ्या दिवशी ताप उतरला. शेवंता हसरं लेकरू घेऊन गावात परतली, तोवर कल्हईवाला पुढच्या गावी निघून गेला होता.

"त्यांचं नाव काय हो?" तिनं विचारलं.

ते कुणी विचारलंच नव्हतं.

तात्पर्य: लोक पाया पडत असतानाही जो खरं सांगतो, त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवावा.