चिमाईची झोप

फार फार वर्षांपूर्वी, घाटात जेव्हा नुसती पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एका लहानशा गावात सोमाजी नावाचा म्हातारा राहत असे. तो अंबाडीचे दोर वळून विकी. घरात तो आणि त्याची बायको चिमाई, दोघंच.

चिमाई भारी बोलकी. सोमाजी अंगणात दोर वळायला बसला की घरातून हाक येई, "अहो, ऐकलंत का?" मग गावभरच्या गोष्टी सुरू होत. सोमाजी कधी हुंकार देई, कधी ऐकूनही न ऐकल्यासारखं करी.

पुढे म्हातारपणी चिमाई विसरू लागली. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग घरची वाट विसरली. एके दिवशी तिने सोमाजीलाच विचारलं, की तुम्ही कुणाकडचे पाहुणे? हळूहळू तिचं बोलणं आटलं, आणि शेवटी झोप आली. सकाळी डोळे मिटलेले, दिवेलागणीलाही मिटलेले. कधी उघडलेच, तर नजर सोमाजीवरून सरकून आढ्याकडे जाई.

सोमाजीला एकच ध्यास लागला. तिने एकदा तरी "अहो" म्हणावं.

तो तिचे खांदे हलवी, कानाशी थाळी वाजवी, तोंडावर पाणी शिंपडी. चिमाई दचकून जागी होई, भेदरून कण्हे आणि पुन्हा झोपेत बुडे. सोमाजीला वाटे, शेजाऱ्यांना तो सांगेही, की ती रुसली आहे. इतकी वर्षं आपण तिचं धड ऐकलं नाही, म्हणून आता ती आपलं ऐकत नाही.

एका सकाळी त्याने पेज केली. पोटात काही गेलं तर अंगात ताकद येईल, ताकद आली तर ती जागी राहील, असं त्याच्या मनात. चिमाई झोपेतच होती. त्याने तिची मान उचलून पेजेचा घोट तोंडात घातला. तिला जोराचा ठसका लागला. श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले.

त्याचा आरडाओरडा ऐकून शेजारची कोंडाबाई सुईण धावत आली. तिने चिमाईला कुशीवर वळवलं, तोंडातली पेज काढली, पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळाने श्वास सुरळीत झाला.

सोमाजी भिंतीला टेकला. कोंडाबाई म्हणाली, "दादा, झोपेत तिला काही भरवू नका. ही रुसव्याची झोप नाही. तिचं शरीर दमलंय. ती आपणहून डोळे उघडेल तेव्हा दोन घास द्या. एरवी नुसते जवळ बसा."

"बसून काय करू? तिला तर काही कळत नाही."

"कळतं की नाही, ते मलाही ठाऊक नाही. पण हाताची ऊब माणसाला लागते, एवढं मी पाहिलंय."

त्या दिवसापासून थाळी फळीवर गेली. सोमाजी खाटेशी बसू लागला. तो तिच्या तळपायांना तेल चोळी आणि जन्मात कधी बोलला नव्हता एवढं बोले. कुणाची म्हैस व्यायली, परड्यातल्या भोपळ्याला कळी आली, सगळं सांगे. तिचे ओठ हलले की चटकन कान जवळ नेई. शब्द नसे, नुसता श्वास असे.

एका दुपारी घाटावरून गार वारा सुटला होता. बोलून बोलून सोमाजी थकला आणि गप्प झाला. त्याचा हात खाटेच्या कडेवर तसाच होता. चिमाईने झोपेतच गोधडीचं टोक ओढलं, त्या गार हातावर घातलं आणि वरून हलकेच थोपटलं. डोळे काही उघडले नाहीत. ते पांघरूण नवऱ्यासाठी होतं, आईसाठी होतं, की कुणा तान्ह्या बाळासाठी, कोण जाणे. अंधार पडेपर्यंत सोमाजीने हात हलवला नाही.

पुढच्या पौर्णिमेच्या आत चिमाई झोपेतच गेली. ती "अहो" म्हणाली नाही. सोमाजीची ओढही कधी सरली नाही. अंगणात दोर वळता वळता त्याचे हात मध्येच थांबत आणि तो घराकडे कान देई. पण पुन्हा कधी तो म्हणाला नाही, की ती माझ्यावर रुसून गेली.

बोध : झोपेत बुडालेल्या आपल्या माणसाकडे उत्तर मागू नये, त्याच्या उशाशी बसून ऊब द्यावी.