तांब्याची नळी

घाटमाथ्यावरच्या एका गावात अनाजी नावाचा तांबट राहत होता. त्याने घडवलेले हंडे आसपासच्या वाड्यांतल्या लग्नांत रुखवतात मांडले जात.

त्याच गावात बाळकूची जीप होती. घाट उतरून बाजाराला जायचं तर दुसरं साधन नव्हतं. एकदा जीपच्या ब्रेकची लोखंडी नळी गंजून फुटली. नवी शहरातून मागवावी लागणार होती, आणि तोवर गाडी उभी ठेवणं बाळकूला नको होतं. त्याने अनाजीला गळ घातली. अनाजीने तांब्याची नळी हवी तशी वळवून बसवून दिली. ब्रेक झकास लागू लागला. तांब्याला गंज चढत नाही, असं बाळकू ज्याला त्याला सांगे. मग इतर गाडीवालेही अनाजीकडे येऊ लागले. त्याला धन्य वाटे.

पुढे एका बाजाराच्या दिवशी सकाळी अनाजी घागरीचा काठ ठोकत होता. कामाच्या नादात ती मधेच भट्टीत घालून नरम करायची राहून गेली आणि काठ तडकला. त्या चिरेकडे पाहता पाहता त्याला बाळकूची नळी आठवली.

हातोडी टाकून तो बाळकूची जीप उभी असायची त्या चावडीकडे निघाला. गप्प बसलं तर कोणाला कळणार आहे, असं वाटेत त्याच्या मनात आलं. पण पाय थांबले नाहीत.

जीप माणसांनी भरली होती. पुढे बाळकूची गरोदर बहीण बसली होती. अनाजीने सगळ्यांना उतरायला सांगितलं. कोणी हललं नाही.

"ब्रेक लागतोय की, अनाजीकाका," बाळकू म्हणाला.

"तांबं हादरे खाऊन कडक होतं, आणि कडक झालं की तडकतं. घागर मी भट्टीत घालून पुन्हा नरम करतो. तुझी नळी कोण करणार? चूक माझी आहे, बाळकू. ती काढ."

बाळकू नाइलाजाने गाडीखाली शिरला. चाकाजवळच्या वळणावर नळीला केसासारखी चीर पडली होती आणि तिथे ब्रेकच्या तेलाचा थेंब जमला होता. तो बाहेर आला. त्याने आधी बहिणीला हात धरून खाली उतरवलं.

त्या दिवशी गावाचा बाजार बुडाला. अनाजी मात्र घरी परतला नाही. ज्या ज्या गाडीला त्याने नळी बसवली होती, तिच्या मालकाकडे तो पायी गेला आणि ती काढायला लावली. काही जण त्याला हसले. तो पुढच्या गाडीकडे चालू लागला.

तात्पर्य: आपल्या हातचं काम कितीही नावाजलेलं असलं, तरी ते चुकीच्या जागी आहे असं कळताच आपण होऊन काढून घ्यावं; नाव पुन्हा मिळवता येतं, गेलेला जीव नाही.