धुळीतली रिकामी वाट

आपला सूर्य अजून रांगत होता, तेव्हाची ही गोष्ट. आभाळाच्या एका कोपऱ्यात तेजू नावाची कोवळी चांदणी राहायची. तिच्याभोवती धुळीचं मोठं कडं फिरत असे. अशा धुळीतूनच ग्रह जन्मतात, हे तिला ठाऊक होतं. आपल्याभोवतीही कुणीतरी फेर धरावा, एवढीच तिची आस होती.

पण झालं भलतंच. कड्यातली धूळ मधोमध विरळ होत गेली आणि तिथे एक काळी, रिकामी वाट पडली. तेजूला रडू फुटलं.

"होती ती धूळही चालली! आता एकच फुंकर मारते आणि सगळी उडवून देते. आशा लावून बसणं तरी संपेल."

शेजारी एक थकलेला तांबडा तारा होता. त्याला सगळे आबा म्हणत. ते ओरडले, "थांब पोरी! ती वाट तुझ्याभोवती पुरती गोल आहे का?"

"अगदी गोल आहे, आबा."

"मग चालल्याशिवाय वाट पडते का कधी? आणि ताट रिकामं दिसतंय, म्हणजे कुणीतरी जेवलंय ना? त्या वाटेवर धूळ खात फिरणारं तुझं बाळ अजून इवलंसं आहे, म्हणून दिसत नाही."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

आबांनी आपल्याभोवतीच्या मोकळ्या अंधाराकडे पाहिलं.

"माझ्याभोवतीही अशीच वाट पडली होती. मला थांबवायला शेजारी कुणी नव्हतं."

तेजूने ओठांवर आलेली फुंकर गिळली. त्या काळ्या वाटेकडे बघत तिने हळूच विचारलं,

"जेवलास का रे बाळा?"